‘फिल’ म्हणजे भरणे. पण काय आणि कसे?

सकाळी शाळा भरते. आठवड्याचा बाजार भरतो. दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. नळाचे पाणी भरतात, दंड भरतात, आणि चढायला जागा उरली नाही की एस.टी. भरली म्हणतात. जखम ‘भरून येते’, नुकसान ‘भरून काढतात’. क्रियापद एकच, पण शेजारचा शब्द बदलला की अर्थ बदलतो.

इंग्रजीतही हेच आहे. तेथे क्रियापदामागे ‘इन’, ‘अप’, ‘आउट’ असा छोटा शब्द येतो. मुलांना हे अवघड वाटते, पण मराठी येणाऱ्याला ते नवे नाही. आज आपण ‘फिल’ पाहू.

फिल इन : रिकाम्या जागी लिहिणे. ‘फिल इन द फॉर्म’ म्हणजे फॉर्म भरा. कोणी सुटीवर असताना त्याच्या जागी काम करणे म्हणजे ‘फिल इन फॉर’. ‘फिल मी इन’ म्हणजे मला सगळी माहिती सांग.

फिल अप : काठोकाठ भरणे. हंडा, पेट्रोलची टाकी, गाडी यांना हे लागते. आपल्याकडे फॉर्मलाही ‘फिल अप’ सर्रास म्हणतात. ते समजते, पण इंग्लंडात ‘फिल इन’ आणि अमेरिकेत ‘फिल आउट’ जास्त चालते.

फिल आउट : फॉर्म भरणे; शिवाय सडपातळ अंग भरणे. आजारातून उठलेल्या मुलाचे गाल वर आले, तर तेथेही हाच शब्द.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘तो भर’ म्हणायचे असेल तर ‘इट’ मध्ये येतो : ‘फिल इट इन’. ‘फिल इन इट’ चूक. दुसरी, ‘फिल इन द फॉर्म इन ब्लॉक लेटर्स’ या सूचनेत ‘इन’ दोनदा आहे. पहिला ‘फिल’चा सोबती, दुसऱ्याचा अर्थ ‘मध्ये’. म्हणजे सुटी, मोठी अक्षरे काढा.

एवढा खटाटोप कशासाठी? आपला सगळा व्यवहार फॉर्मवर चालतो म्हणून. आधारचे देशातले पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्या दिवशी पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. आज शिष्यवृत्ती, बँक, रेशन, सगळीकडे नाव आणि जन्मतारीख जुळावी लागते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे, की मुलाचे काम अडते आणि आईबापाचा रोज बुडतो. म्हणून फॉर्म दुसऱ्याने भरला, संगणकावर भरला, तरी दाखला हातात धरून एकेक अक्षर ताडून पाहा.

आणखी एक. ‘तुम्ही फक्त सही करा, बाकीचे आम्ही फिल इन करतो,’ असे कर्ज देणारा, उचल देणारा किंवा एजंट म्हणाला, तर हात आवरा. कोऱ्या जागेत मागाहून काय लिहिले जाईल ते आपल्या हाती राहत नाही. आधी भरू द्या, घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या, रिकाम्या रकान्यांवर रेघ मारा, मगच सही किंवा अंगठा. एक प्रत मागून घ्यायला लाजू नका.

सराव : योग्य शब्द निवडा.
१) बाटली पाण्याने भर. (फिल अप / फिल इन फॉर)
२) आज ती आजारी बाईंच्या जागी शिकवते. (फिल आउट / फिल इन फॉर)
३) काल सभेत काय ठरले ते मला सांग. (फिल मी इन / फिल इट इन)

उत्तरे : १) फिल अप २) फिल इन फॉर ३) फिल मी इन.

मुलांनो, घरातला एखादा जुना फॉर्म घ्या आणि आईला त्यातला एकेक रकाना वाचून दाखवा. आमच्या दृष्टीने हाच खरा गृहपाठ.