डब्यातले तपासले, पंपातले कोण तपासणार?

मृगाचा पाऊस पडला की वऱ्हाडात कपाशीआधी तणच जोर धरते. निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही. या अडचणीतूनच १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने कायदा मोडून तणनाशक-सहनशील कपाशीची जाहीर लागवड केली. वाद रंगला तो बियाण्यावर. या बियाण्यासोबत शेतात येणारे ग्लायफोसेट माणसाच्या जनुकांना धक्का लावते का, हा प्रश्न मागे राहिला. त्याचे उत्तर जगातल्या दोन मातब्बर संस्थांनी परस्परविरोधी दिले आहे.

मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले आणि जनुकांना इजा होत असल्याचे पुरावे भक्कम असल्याचे म्हटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसा धोका संभवत नाही, असा निष्कर्ष काढला. दोघांपैकी एक खोटे बोलत होते, असे नव्हे. दोघांनी तपासलेली वस्तू पुरती एक नव्हती. ते समजण्यासाठी आधी प्रयोगशाळेत डोकवावे लागते.

रसायनामुळे जनुकीय बदल होतात का, हे पाहण्याची पहिली पायरी म्हणजे ‘एम्स चाचणी’. अमेरिकेतील बर्कले येथील शास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी ती १९७० च्या दशकात विकसित केली. तिच्यात साल्मोनेला जिवाणूंचे असे वाण वापरतात, ज्यांना एका जनुकातील बिघाडामुळे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करता येत नाही. हिस्टिडिन जवळपास नसलेल्या बशीत ते उपाशी राहतात, वाढत नाहीत. तपासायचे रसायन त्यांच्यात मिसळले आणि त्याने जनुकात फेरबदल केला, तर काही जिवाणूंमधला बिघाड योगायोगाने दुरुस्त होतो आणि त्यांच्या वसाहती ठिपक्यांसारख्या दिसू लागतात. असे थोडे ठिपके रसायनाशिवायही उमटतात, म्हणून तुलनेसाठी दुसरी बशी ठेवतात. रसायनाची मात्रा वाढेल तसे ठिपके वाढले, तर संशय पक्का होतो. सारा खेळ दोन-तीन दिवसांचा.

काही रसायने मुळात निरुपद्रवी असतात, पण यकृतातून गेल्यावर घातक बनतात. त्यामुळे बशीत उंदराच्या यकृताचा अर्क घालूनही हीच चाचणी करतात. पुढच्या पायऱ्यांवर सस्तन प्राण्यांच्या पेशींमधली गुणसूत्रे तुटतात का, उंदरांच्या अस्थिमज्जेत तुटक्या गुणसूत्रांची ‘सूक्ष्मकेंद्रके’ सापडतात का, हे पाहिले जाते.

एका चाचणीवर निकाल का देत नाहीत, हे डायक्लोरव्हॉसवरून कळते. शेतकरी त्याला ‘नुवान’ म्हणून ओळखतात. जिवाणूंवर ते जनुकीय बदल घडवते, पण जिवंत प्राण्याच्या शरीरात त्याचे झपाट्याने विघटन होते आणि तसा परिणाम ठळकपणे आढळत नाही. भारताने ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने त्यासह १८ कीटकनाशकांवर बंदी आणली. नुवानची बंदी ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाली.

आता ग्लायफोसेटकडे. युरोपीय प्राधिकरणाचा भर होता शुद्ध घटकावर आणि कंपन्यांनी नियमानुसार सादर केलेल्या चाचण्यांवर. कर्करोग संस्थेने प्रसिद्ध झालेले संशोधन वाचले. त्यात बाजारात मिळणाऱ्या तयार मिश्रणांवरचे अभ्यासही होते. तयार औषधात मूळ घटकाबरोबर ते पानावर पसरावे म्हणून घातलेली इतर रसायनेही असतात. अशाच एका जोड-रसायनावर युरोपीय संघाने २०१६ मध्ये बंदी घातली, ग्लायफोसेटवर मात्र घातली नाही. म्हणजे डब्यात आणखी काय आहे, हा प्रश्न तिथे मान्य झाला.

वऱ्हाडात हा प्रश्न डब्यावर थांबत नाही. कृषी केंद्रातून आणलेली दोन-तीन औषधे, वर एखादे टॉनिक, असे सगळे एकाच पंपात जाते. या मिश्रणाची चाचणी कुठल्याच प्रयोगशाळेत झालेली नसते, कारण ते बांधावरच तयार होते. २०१७ च्या फवारणी हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक जणांचा विषबाधेने बळी गेला. अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष चौकशी पथक नेमावे लागले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली.

ती विषबाधा तातडीची होती. घाम, उलट्या, धूसर नजर अशी तिची लक्षणे काही तासांत दिसतात आणि माणूस दवाखान्यात पोहोचतो. जनुकांची इजा अशी हाक देत नाही. ती झालीच तर वर्षांनी कळते, तोवर कुठल्या हंगामातले कुठले औषध, हे कुणाला आठवत नाही. पहिल्या हानीची नोंद रुग्णालयात होते, दुसरीची कुठेच नाही.

ती करता येते. आंध्र प्रदेशातील कपाशीवर फवारणी करणाऱ्यांच्या रक्तपेशी काही दशकांपूर्वी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यात गुणसूत्रांची मोडतोड इतरांपेक्षा जास्त आढळली. गालाच्या आतील पेशी हलक्या हाताने खरवडून सूक्ष्मकेंद्रके मोजण्याची पद्धतही उपलब्ध आहे. तिला सुई लागत नाही. सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित डोळा लागतो. एकट्या माणसाला कर्करोग होईल की नाही, हे ती सांगत नाही. पण फवारणी करणाऱ्यांच्या गटाची इतरांशी, हंगामाआधीची हंगामानंतरशी तुलना नक्की करता येते. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीत विद्यापीठ आहे. दोन खात्यांनी एकत्र बसण्याचा तेवढा प्रश्न आहे.

केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता मर्यादित केला. कागदावर हे ठीक आहे. पण गावात असा नियंत्रक येतो कुठे? पंप शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्याच पाठीवर असतो. औषधाला परवाना देताना त्याच्या जनुकीय चाचण्यांचे निकाल मागितले जातात. तोच प्रश्न हंगाम संपल्यावर ते फवारणाऱ्या माणसाबद्दलही विचारला गेला पाहिजे. तोवर हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याच्या दिशेने फवारणी आणि एका वेळी एकच औषध, एवढेच संरक्षण त्याच्या हाती आहे.