किलोच्या भावात

आमच्या घराचा पुनर्विकास ठरला आणि पहिली गदा आली ती मागच्या पडवीवर. पन्नास वर्षांची अडगळ अंगणात आली. तांब्याचा बंब, पाळण्याच्या कड्या, सायकलचा सांगाडा आणि सगळ्यांच्या तळाशी वडिलांचे गवत कापायचे यंत्र. भंगारवाल्याने दांडा धरून वजनाचा अंदाज घेतला आणि बिडाचा भाव सांगितला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, देऊन टाक." मी म्हणालो, "थांब जरा."

वडील पुण्याच्या लष्कर भागातल्या एका क्लबात माळी होते. १९७१ साली ते निवृत्त झाले, त्याच सुमारास क्लबाने पेट्रोलचे यंत्र घेतले. जुने त्यांना मिळाले आणि सोबत सेक्रेटरीच्या सहीची चार ओळींची चिठ्ठी. आमच्या घराला हिरवळ कधीच नव्हती. तरी दर दसऱ्याला वडील त्या यंत्राला तेल देऊन झेंडू वाहत.

या यंत्राचे मूळ गाव इंग्लंड. ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या आणि कापडावरची लव सारखी कापायला फिरत्या पात्यांचे यंत्र असे. कापडाची लव कापता येते, तर जमिनीची का नाही, एवढाच त्याचा विचार. त्याआधी विलायतेतली हिरवळ विळ्याने नाहीतर मेंढ्यांच्या तोंडाने राखली जाई. पुढे इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने ही यंत्रे बनवायला घेतली. साहेब इथे आला तेव्हा क्रिकेट आणि जिमखाना घेऊन आला, आणि मागोमाग त्याचे हिरवळीचे वेडही आले.

एका रविवारी मी यंत्राचे फोटो घेऊन जुन्या बाजारात गेलो. एक दुकानदार म्हणाला, "घासूनपुसून हिरवा रंग मारा, शंभर वर्षांचं म्हणा, चांगले पैसे येतील." हा सल्ला दोन्ही बाजूंनी चुकीचा होता, हे थोडे वाचल्यावर कळले. जाणकार संग्राहक आधी मूळ रंग पाहतो, कंपनीची अक्षरे पाहतो, गवत साठवायचा डबा मूळचा आहे का ते पाहतो. नवा रंग मारला की किंमत चढत नाही, उतरते. वयाचे म्हणाल, तर आमच्या यंत्रावर 'रॅन्सम्स, सिम्स अँड जेफरीज' अशी अक्षरे आहेत. कंपनीचे हे नाव १८८४ पासूनचे, म्हणजे यंत्र त्याआधीचे नाही. पण तेच नाव पुढे अनेक दशके चालू राहिले, म्हणून शंभरी भरली असे छातीठोक सांगता येत नाही. शिवाय आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरायला निदान शंभर वर्षे लागतात. हा आकडा बाजारात उगाच फेकायचा नव्हे.

आणखी एक गोष्ट कळली. अशी यंत्रे हजारोंनी बनली, त्यामुळे बहुतेकांना फार मोठी किंमत येत नाही. किंमत वाढते ती वस्तू कुठून आली, कोणी वापरली, याचा कागद असेल तर. म्हणजे बाजाराच्या हिशेबातही सगळ्यात मोलाची ठरते ती चार ओळींची चिठ्ठी! आणि तीच विकायला माझा हात धजेना.

आपण घरे रिकामी करतो तेव्हा दोन टोके गाठतो. एक तर सगळे किलोवर घालतो, नाहीतर प्रत्येक गंजक्या वस्तूत खजिना शोधतो. माझे म्हणणे एवढेच की वस्तू विका, खुशाल विका, नव्या फ्लॅटला पडवी नसते. पण विकण्याआधी ती कोणाच्या हातची, हे कागदावर उतरवा. ते सांगणारी माणसे वस्तूंच्या आधी संपतात.

परवा भावाने पात्यांना तेल दिले. वडील धार पाहायचे तशी वर्तमानपत्राची पट्टी फिरत्या आणि स्थिर पात्याच्या मध्ये धरली आणि रूळ हळूच फिरवला. पट्टी सरळ कापली गेली. भाऊ काही बोलला नाही. संध्याकाळी भंगारवाला पुन्हा आला, तेव्हा फक्त सायकलचा सांगाडा गेला.