उभ्या मोटारीचे नुकसान आणि व्यापाऱ्याचे दायित्व

आपल्या दाजीबानपेठेतील गल्ल्या मोटारीच्या मापाने आखलेल्या नाहीत, हे कोणीही मान्य करील. तुळजाभवानीच्या मंदिराकडून दुर्गदबैलाकडे निघालेल्या माणसाला दहा पावलांत एक हातगाडी, एक टेम्पो, डोक्यावर गाठ घेतलेला हमाल आणि दुकानासमोर उभी केलेली मोटार अशी चौकडी भेटते. त्या मोटारीच्या दारावर पोचा पडला नाही, तर तेच नवल. पोचा पडला की मोटारीचा मालक म्हणतो, “माझी गाडी जागची हलली नाही, तेव्हा सर्व नुकसान तुम्ही भरा.” समोरचा म्हणतो, “कोणी मुद्दाम केले का? अपघात झाला, त्याला कोण काय करणार?” दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि अखेर बहुधा असे घडते की, दोघे प्रतिष्ठित गृहस्थ एकमेकांना नमस्कार करून निघून जातात व भरपाईची रक्कम हमालाच्या मजुरीतून कापली जाते. प्रस्तुत लेखाचा खरा रोख या शेवटच्या प्रकारावर आहे. तथापि तेथे पोहोचण्यासाठी आधीच्या दोन वाक्यांचा निकाल लावणे भाग आहे.

प्रथम ‘अपघात’ या शब्दाचा विचार करू. व्यवहारात हा शब्द आपण ढालीसारखा वापरतो. वस्तुतः हेतू नव्हता एवढ्याने जबाबदारी संपत नाही. हेतू असता तर ते प्रकरण फौजदारीत गेले असते. दिवाणी दायित्वाचा प्रश्न इतकाच असतो की, सामान्य शहाणपणाच्या माणसाने जी काळजी घेतली असती ती घेतली होती की नाही. जी गोष्ट कोणत्याही काळजीने टळली नसती, तेवढीच कायद्याच्या दृष्टीने अटळ आपत्ती होय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे झाडांविषयीचे दोन निकाल येथे पाहण्यासारखे आहेत. राजकोट येथे पादचाऱ्यावर झाड कोसळले. १९९७ च्या निकालात न्यायालयाने ठरविले की, प्रत्येक झाडावर अखंड पाळत ठेवण्याचे ओझे महानगरपालिकेवर टाकता येणार नाही. दिल्लीत मात्र वाळलेल्या झाडाची फांदी स्कूटरस्वारावर पडली, आणि १९९९ मध्ये तेथील महानगरपालिकेला जबाबदार धरण्यात आले. वाळलेले झाड डोळ्यांना दिसत होते, हा फरक. ही दोन्ही प्रकरणे मनुष्यहानीची होती, पण हाच दंडक मोटारीच्या पत्र्यालाही लागू पडतो. चार गाठींच्या जागी सात गाठी रचलेली हातगाडी कलंडली, तर ती आपत्ती नव्हे. ते वाळलेले झाडच आहे.

मोटार उभी होती या म्हणण्यालाही वजन आहे. उभी वस्तू स्वतः होऊन कोणावर आदळत नाही, म्हणून ‘घटनाच स्वतः बोलते’ हा न्यायशास्त्रातील नियम अशा वेळी मोटारमालकाच्या बाजूने उभा राहतो आणि आपली चूक नव्हती हे दाखविण्याचा भार धडकणाऱ्यावर पडतो. परंतु ‘उभी होती’ एवढे पुरेसे नाही. कोठे उभी होती, हेही विचारले पाहिजे. या संदर्भात १८४२ सालचा इंग्लंडातील एक खटला कायद्याचे विद्यार्थी मोठ्या गोडीने वाचतात. एका गृहस्थाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला हमरस्त्यावर चरावयास सोडले होते. उतारावरून तीन घोड्यांची मालगाडी वेगाने आली आणि गाढव मेले. रस्त्यावर गाढव सोडणे चूकच होते. तरीही न्यायालयाने गाडीवाल्याला जबाबदार धरले. पुढे असलेले गाढव त्याने पाहावयास हवे होते व योग्य वेगाने यावयास हवे होते. कोणी वस्तू चुकीच्या जागी ठेवली म्हणून ती तुडविण्याचा परवाना मिळत नाही, हे तत्त्व या गाढवाने जगाला शिकविले. (आमच्या एका वकील मित्रांच्या मते विधिशास्त्रात त्याच्याइतके काम फार थोड्या विद्वानांनी केले आहे.)

नंतरच्या काळात न्यायालये याच्याही पुढे गेली व दोष वाटून देऊ लागली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम वाहन दुसऱ्यांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने उभे करण्यास मनाई करते. तेव्हा ज्या सभासदाने आपली मोटार गल्लीच्या तोंडाशी तिरपी लावली आणि हातगाडीला जेमतेम एक हात वाट ठेवली, त्याने पूर्ण भरपाईचा हट्ट धरू नये. नुकसानीतील काही वाटा त्याचाच आहे.

आता मुख्य मुद्दा. पोचा हमालाच्या हातून पडला. पैसे कोणी द्यावयाचे? काम ज्याचे, दायित्व त्याचे, हा कायद्याचा पक्का नियम आहे. नागपूरकडच्या एका प्रवासात रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची मोटार तिचा व्यवस्थापक चालवीत होता. ती रस्ता सोडून झाडावर आदळली. तो कंपनीच्या कामावर होता, म्हणून १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार ठरविले. जिनिंगवाल्याला जो न्याय, तो कापडवाल्याला व धान्यवाल्यालाही. आपली गाठ आपल्या गोदामात आपल्या सांगण्यावरून नेणारा मनुष्य त्या क्षणी आपलाच हात असतो.

आणि मजुरीतून कापण्याविषयी तर संशयाला जागाच नाही. नोकराच्या ताब्यात खास सोपविलेला माल त्याच्या हयगयीने बिघडला, तरच नुकसानीबद्दल वेतनातून कपात करता येते, असा दंडक १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने घातला आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही तो कायम ठेवला. तिऱ्हाईताची मोटार हमालाच्या ताब्यात कोणी सोपविलेली नसते. कोणी म्हणतील, आमचा हमाल पगारी नाही, खेपेवर येतो. ठीक, मग कायद्याची बारकाई बाजूला ठेवू. सात गाठी एका खेपेत नेण्याची घाई कोणाची होती? दोन खेपांची मजुरी कोणाला वाचवावयाची होती? तो लाभ दुकानाच्या वहीत जमा झाला असेल, तर खर्चही त्याच वहीत पडला पाहिजे. ज्याला नफ्यात भागी नाही त्याला तोट्यात भागीदार करणे, ही आपल्या पेढ्यांची रीत कधीच नव्हती.

येथे विम्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुष्कळांचा समज आहे की विमा आहे म्हणजे कोणालाच काही द्यावे लागत नाही. टेम्पोने उभ्या मोटारीला धक्का दिला, तर टेम्पोचा सक्तीचा तृतीय पक्ष विमा कायद्याच्या व पॉलिसीच्या मर्यादेत उपयोगी पडतो, आणि मोटार वाहन अपघात न्यायाधिकरणाकडे मालमत्तेच्या नुकसानीसाठीही अर्ज करता येतो. चालकाने घटनेची माहिती पोलिसांना देणे १३४ व्या कलमाने बंधनकारक आहे. रात्री धक्का देऊन निसटणे हा गुन्हा आहे. हातगाडी मात्र मोटार वाहन नसल्याने तिला असा विमाच नाही. मग मोटारमालक स्वतःच्या सर्वसमावेशक विम्याकडे वळतो. परंतु तेथे दावा केला की ‘विनादावा सवलत’ जाते. पाच वर्षे दावा न करणाऱ्यास ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. शिवाय प्लास्टिकच्या भागांवर घसाऱ्यापोटी निम्मी रक्कम कापली जाते. म्हणजे ‘तुमचा विमा आहे ना?’ हे उत्तर समोरच्याच्या खिशात हात घालणारे आहे. हातगाडीऐवजी टेम्पोने धक्का दिल्याचे लिहून देण्याची युक्तीही कानावर येते; ती खोटी जबानी आहे, यापलीकडे तिच्याविषयी काही बोलावयास नको. दुकानदारांसाठी जो एकत्रित विमा मिळतो, त्यात सार्वजनिक दायित्वाचा विभाग बहुधा घेता येतो. नूतनीकरणाच्या वेळी सभासदांनी तेवढे पान उघडून पाहावे.

ज्यांची मंगल कार्यालये किंवा मोठी दालने आहेत त्यांच्यासाठी एक निराळी गोष्ट. ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावून निर्धास्त होणाऱ्यांनी २०१९ चा ताज महाल हॉटेलचा निकाल वाचावा. १९९८ मध्ये दिल्लीच्या त्या हॉटेलात पाहुण्याने मोटारीची किल्ली नोकराच्या हाती दिली. परत आला तो मोटार चोरीस गेलेली. चिठ्ठीवर छापलेल्या अटीने स्वतःच्या हयगयीचे दायित्व टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मोहन शांतनगौडर आपल्या शेजारच्या हावेरी जिल्ह्याचे. २०२१ मध्ये ते निवर्तले. किल्ली घेतली म्हणजे वस्तू ताब्यात घेतली, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळली पाहिजे. दुकानासमोर ग्राहकाने आपण होऊन लावलेल्या मोटारीची गोष्ट तशी नाही. तेथे किल्ली ग्राहकाच्याच खिशात असते.

राहिला रकमेचा वाद. भांडण तत्त्वावर सुरू होते आणि अडते ते आकड्यावर. एका ओरखड्यासाठी सबंध दार नव्याने रंगवून घेणे आणि जुने पोचेही त्याच बिलात बसविणे, हा प्रकार बंद झाला पाहिजे. माझी सूचना अशी की, कार्यकारी मंडळाने तीन वडीलधाऱ्या सभासदांची पंच-समिती नेमावी. घटना घडताच दोन्ही बाजूंनी मोटारीची छायाचित्रे घ्यावीत, दोन गॅरेजांचे अंदाज मागवावेत, आणि आठ दिवसांत पंचांनी जागा पाहून दोषाचा वाटा ठरवावा. हमालाचे म्हणणेही त्यांनी समक्ष ऐकावे, त्याच्या मालकाच्या तोंडून नव्हे. ज्यास निर्णय पटणार नाही, त्याला न्यायालयाचा मार्ग मोकळा आहेच. रक्कम दुकानाच्या खर्चखाती टाकल्याची नोंद पंचांना दाखविली जावी, एवढी एक अट मात्र ठरावात अवश्य असावी.