चालतंय ना, मग कशाला हात लावतोस?

मंडळी, आमच्या धंद्यात सगळ्यात महाग पडणारं वाक्य म्हणजे 'चालतंय ना, मग कशाला हात लावतोस?' या वीकेंडला त्याच्याशीच भांडायचंय. उदाहरण घेतोय 'आर' या भाषेचं, कारण ती वापरणारे बरेच जण स्वतःला प्रोग्रामर समजतच नाहीत, आणि त्यामुळे त्यांना कुणी टोकतही नाही.

नेहमीचं काम घ्या. वर्षाच्या ३६५ फायली, प्रत्येकीत हजार ओळी. सगळ्यांची मिळून एक डेटा फ्रेम हवी. लोक काय करतात? रिकामी फ्रेम घेतात, फॉर लूप लावतात आणि आत आरबाइंड! आता आरबाइंड जुन्या फ्रेमला शेपूट जोडत नाही. दर वेळी नवी फ्रेम बनवून जुनं सगळं त्यात कॉपी करतं. म्हणजे मंडईत मेथीची एक जुडी घेतली की नवी पिशवी काढायची आणि आधीची सगळी भाजी तिच्यात ओतायची. हिशोब करा: हजार, दोन हजार, तीन हजार... शेवटी ३ लाख ६५ हजार. बेरीज ६ कोटी ६७ लाख ९५ हजार ओळी. १८३ पट हमाली! फायली दुप्पट झाल्या की हमाली चौपट. नवा लॅपटॉप घेऊन हे गणित बदलत नाही हो.

उपाय काय? एलअप्लायने सगळ्या फायली एका लिस्टमध्ये वाचा आणि शेवटी एकदाच जोडा. डू-कॉल आणि आरबाइंड, डेटा-टेबलचं आरबाइंडलिस्ट किंवा डीप्लायरचं बाइंड-रोज, काहीही वापरा. यात नवीन काही नाही. पॅट्रिक बर्न्सने २०११ च्या 'द आर इन्फर्नो'मध्ये या सवयीला नरकाचं दुसरं वर्तुळ दिलंय.

पण हळू चालणं परवडलं. खरा राग आहे तो पुढच्या पायरीवर. एवढं जोडून झालं की साहेब ते सीएसव्हीत टाकतात. सीएसव्हीला कॉलमचा प्रकार माहीत नसतो. पुण्याचा एसटीडी कोड ०२० रीड-सीएसव्हीने वाचला की २० होतो. तारीख नुसती अक्षरं होते. फॅक्टरचा क्रम जातो. रो-नेम्स बंद केली नाहीत तर परत वाचताना 'एक्स' नावाचा कॉलम उगवतो, पुढच्या फेरीत 'एक्स.१'. आणि दुसऱ्या तक्त्यात कोड '०२०' असा अक्षरी असेल, तर मर्ज केल्यावर अख्खं पुणं रिपोर्टातून गायब! एरर नाही, वॉर्निंग नाही. मीटिंगमध्ये तो आकडा घेऊन बसतो तो बिचारा तिसराच कुणीतरी.

'पण बॉसला एक्सेलमध्ये उघडायचं असतं!' द्या की त्याला सीएसव्ही. पण स्वतःची प्रत सेव्ह-आरडीएसने ठेवा. प्रकार, क्रम सगळं जसंच्या तसं परत येतं, वर फाइल कॉम्प्रेसही होते. शेजारचा पायथॉनवाला वाचणार असेल तर ॲरो पॅकेजने पार्केमध्ये लिहा. हवे तेवढेच कॉलम उचलता येतात.

दोन-चार ओळींचा बदल आहे, राव. सोमवारी ऑफिसात फॉर लूपच्या पोटात आरबाइंड दिसलं तर ते बाहेर काढा. 'चालतंय ना' म्हणणाऱ्याला ०२० चं काय झालं, तेवढं विचारा.