मोबाइलचा सौदा : ऑनलाइन दलालाकडून की थेट कंपनीकडून?

घाटकोपरच्या बाजारातील दुकानांच्या पाट्या पाहाव्यात. मालकाचे नाव बारीक अक्षरांत आणि मोबाइल नंबर ठळक अक्षरांत असतो. यात नवल काही नाही. सुरतेचा व्यापारी याच नंबरवर नव्या मालाचे फोटो पाठवितो, गिऱ्हाईक याच नंबरशी जोडलेल्या खात्यात पैसे टाकते, बँकेचा आणि जीएसटीचा ओटीपीही इथेच येतो. नंबर गेला तर निम्मी दुकानदारी गेली. असे असूनही आपले व्यापारी व कारागीर बंधू दहा मीटर अस्तर घेताना जेवढी चौकशी करतात, तेवढी मोबाइलचा प्लॅन घेताना करीत नाहीत.

आजकाल ऑनलाइन दलालांच्या जाहिराती घरबसल्या येतात. कोणी म्हणतो, आमच्यामार्फत पोस्टपेड घ्या, तीन महिन्यांनी कॅशबॅक देऊ. कोणी म्हणतो, तुमच्या कारखान्याच्या पाच सिम एका मोठ्या कंपनीच्या कॉर्पोरेट खात्यात घालून देतो, बिल कमी येईल. कोणी शेवटी ७८६ असलेला नंबर हजारो रुपयांना विकतो. या सौद्यांत नफा कुठे आणि नुकसान कुठे, हे व्यापाऱ्याच्या नजरेने तपासले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही दलालीच्या विरुद्ध नाही. कापडाच्या धंद्यात आमचे आयुष्य गेले आणि हा धंदा आडत्या व दलाल यांच्याशिवाय चालत नाही. पण कापडबाजारातील आडत्या आपली आडत घेतो तेव्हा पुष्कळदा रकमेची जोखीमही उचलतो. माल खराब निघाला तर त्याची गादी कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असते. ऑनलाइन दलाल कमिशन घेतो, पण जोखीम घेत नाही. तो कमिशन घेतो यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो त्याच्या जबाबदारीचा.

आता हिशेब मांडू. समजा, कर सोडून महिना ४०० रुपयांचा प्लॅन आहे आणि दुकानासाठी अशी पाच कनेक्शने हवीत. वर्षाचे २४,००० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२० रुपये. दुकान जीएसटीत नोंदलेले असेल आणि कंपनीचे बिल दुकानाच्या नावे व जीएसटी क्रमांकासह असेल, तर हे ४,३२० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून वळते होतात. खरा खर्च २४,००० च राहतो. दलालाने १० टक्के सूट दिली तर रक्कम २१,६०० आणि कर ३,८८८, मिळून २५,४८८ रुपये होतात. बिल दुसऱ्याच्या नावे असल्याने क्रेडिट मिळणार नाही. स्वस्त वाटलेला सौदा १,४८८ रुपयांनी महाग पडला. कंपोझिशन योजनेतील लहान दुकानदाराला क्रेडिट मिळतच नाही, त्यामुळे त्याला ही सूट खरी वाटेल. त्याने पुढचा मुद्दा अधिक लक्षपूर्वक वाचावा.

हा मुद्दा नावाचा आहे. मुंबईत १९९५ साली मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा दोनच कंपन्या होत्या, बीपीएल आणि मॅक्स टच. पैकी बीपीएलचे पुढे लूप झाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये परवान्याची मुदत संपून ती सेवा बंद पडली. लाखो मुंबईकरांना घाईघाईने आपले नंबर दुसऱ्या कंपनीत न्यावे लागले. जानेवारी २०११ पासून देशभर पोर्टिंगची सोय झाली होती म्हणून ते नंबर वाचले. खुद्द कंपनीच बंद पडते तेव्हा ग्राहकाच्या हाती एकच दाखला उरतो. तो म्हणजे कंपनीच्या दफ्तरातील त्याचे स्वतःचे नाव. ज्याचा नंबर परक्याच्या कॉर्पोरेट खात्यात आहे, त्याच्याजवळ हा दाखला नसतो. त्या खात्याच्या मालकाने उद्या कनेक्शन बंद करा असे सांगितले तर कंपनी त्याचेच ऐकेल, कारण कागदोपत्री ग्राहक तोच आहे.

७८६ च्या नंबराचेही तसेच आहे. आपल्या लोकांना या आकड्याची ओढ आहे आणि विकणारे तीच ओळखून भाव लावतात. पुष्कळदा हातात पडतो तो दुसऱ्याच्या नावावरील नंबरचा पोर्टिंग कोड. पोर्टिंगची सोय कंपनी बदलण्यासाठी आहे, मालक बदलण्यासाठी नाही. पसंतीचा नंबर निवडण्याची सोय कंपन्यांकडे स्वतःकडेच असते. बीएसएनएल तर अशा नंबरांचा लिलाव करते. तिथे घेतलेला नंबर पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर राहतो.

सरकारनेही या बाबतीत नियम कडक केले आहेत. सिम विकणाऱ्या प्रत्येक एजंटाची कंपनीकडे नोंदणी सक्तीची झाली आहे. ठोक सिमविक्री बंद करून व्यवसायासाठी वेगळी पद्धत आणली गेली. तीत सिम वापरणाऱ्या प्रत्येकाची केवायसी करावी लागते. हे नियम डिसेंबर २०२३ पासून लागू झाले. दूरसंचार कायदा, २०२३ प्रमाणे फसवणुकीने किंवा दुसऱ्याचे सोंग घेऊन सिम मिळविल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा कारखानदार बंधूंनी कारागिरांची सिम स्वतःच्या नावावर घेऊ नयेत आणि आपले आधार कार्ड अनोळखी माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवू नये. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. आजच पाहावे.

तक्रारीचा मार्गही लक्षात घ्यावा. थेट कंपनीकडून कनेक्शन घेतले तर तक्रारीचा डॉकेट नंबर मिळतो. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी आयोग ऐकू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. पण कॅशबॅकचे वचन दलालाने दिले असेल, तर कंपनी सरळ म्हणते, हे आम्ही बोललोच नव्हतो. ब्रिटनमध्ये ‘फोन्स फोर यू’ हा मोठा विक्रेता सप्टेंबर २०१४ मध्ये बुडाला. ज्यांचे करार आधीच मोबाइल कंपन्यांशी झाले होते, त्यांची सेवा चालू राहिली. ज्यांची मागणी विक्रेत्याकडेच अडकून होती, त्यांना फोन मिळाले नाहीत. विक्रेता बुडाला तरी कंपनीशी झालेला करार टिकतो, हा त्यातला धडा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपनीच्या गॅलरीत रांग असते, ग्राहक सेवेचा फोन लवकर लागत नाही आणि तिथला माणूस आपल्याच कंपनीचा प्लॅन गळ्यात मारतो. चार कंपन्यांचे दर एका जागी दाखविणारा मध्यस्थ उपयोगी आहे, यात शंका नाही. चिराग नगर किंवा असल्फ्याच्या गल्लीतील रिचार्जवाल्यावर तर आम्ही बोट ठेवणारच नाही. तो आपल्या डोळ्यांसमोर बसतो, त्याची रोजी त्यावर चालते आणि चूक झाली तर उद्या सकाळी त्याला गाठता येते.

म्हणून आमचे मत असे की, माहिती दलालाकडून घ्यावी, सौदा कंपनीशी करावा. ऑनलाइन विक्रेत्याकडूनच घ्यायचे असेल तर तीन गोष्टी आधी तपासाव्यात. बिल मोबाइल कंपनीचे आणि आपल्या नावे येणार काय? कबूल केलेली सूट बिलातच कापली जाणार काय, की पुढे कधी तरी मिळणार? विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी त्याच्या संकेतस्थळावर दिले आहेत काय? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ते देणे बंधनकारक आहे आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देणेही.

या तीनपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर सौदा कितीही स्वस्त असो, हात आखडता घ्यावा. महिना चाळीस रुपये वाचविण्यासाठी वर्षानुवर्षे कमावलेले गिऱ्हाईक परक्याच्या हवाली करणे, ही तिजारत नव्हे.