हुन्नराचा वारसा कोणाला?

बापाच्या मागे त्याचे घर, शेत व भांडी कोणाला मिळावीत, हे कायदा सांगतो. परंतु त्याच्या हातातील हुन्नर कोणाकडे जावा, याविषयी कायदा दीर्घकाळ मुका होता. कारखान्यातील हुन्नर पुस्तकातून फारसा मिळत नाही. तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे जातो. म्हणून शेजारी कोणाला उभे राहू द्यावयाचे, हाच खरा प्रश्न होय.

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास पाहावा. सूतकताईच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश होता. विणकाम खात्यात नव्हता, आणि मजुरी तर तेथेच अधिक होती. कारण काय सांगितले जाई? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून छिद्राबाहेर काढावे लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा हाती धरील! १९२८ च्या संपात हा प्रतिबंध उठविण्याची मागणीही घ्यावी, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. नुकसान केवळ एका पिढीच्या पगाराचे नव्हते. नवा माणूस जॉबरच्या ओळखीने बदलीवर लागे आणि जुन्या विणकराचा हात पाहून शिके. ज्या बापाला मागाजवळ जाता आले नाही, तो मुलाला काय शिकविणार?

उलट, सफाईच्या कामात वारसा बिनबोभाट चालला. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद आहे. भाकरीची शाश्वती देणारा तो हक्क कोणी सोडावा, असे मी म्हणणार नाही. पण झाडू हक्काने मिळावा आणि यंत्र मात्र मेहेरबानीने, ही वाटणी आपण का मानावी?

मेहेरबानीच्या जागी नियम हवा, आणि तो आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखीव झाल्या. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातींत स्थान मिळाले. या जागा कोणाचे उपकार नव्हेत. मुलामुलींनी त्यांसाठी अर्ज करावा, आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागावा.

जे आज फिटर, लाइनमन, कारकून होऊन निवृत्तीच्या दारात उभे आहेत, त्यांच्यावरही ऋण आहे. हुन्नर पोटच्या पोरापुरता राखाल, तर जॉबरचीच रीत चालवाल. रविवारी विहारात दोन तास बसा. यंत्राचा नकाशा कसा वाचावा, कचेरीत टिपणी कशी लिहावी, हे वस्तीतील प्रत्येक मुलाला व मुलीला शिकवा.