आपली पसंती नोंदवली आहे

'आय प्रिफर टी दॅन कॉफी' हे वाक्य मी गेली वीस वर्षं बेधडक वापरत आलो. परवा नववीतल्या कन्येने मला टोकलं. "बाबा, प्रिफरनंतर दॅन नाही, टू येतं." मी बी.कॉम. असल्यामुळे पुरावा मागितला. तिने व्याकरणाचं पुस्तकच पुढ्यात आपटलं. सिनियर, ज्युनियर, सुपीरियर या लॅटिन घराण्यातल्या मंडळींना 'दॅन' खपत नाही. प्रिफरही त्याच घराण्यातलं. शिवाय 'आय प्रिफर टी' म्हणजे माझी कायमची आवड, आणि 'आय वुड प्रिफर टी' म्हणजे आत्ता, या घटकेला चहा टाका. यावर स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "दूध संपलंय. दोन्हींसाठी!"

तर माझं भांडण आहे ते इथेच. प्रिफर करायला समोर दोन वस्तू लागतात, आणि दोन्ही हाताला येण्यासारख्या लागतात. हे क्रियापद ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी खुशाल वापरावं. आपल्याकडे मात्र ते वापरतात दोनच प्रकारचे लोक : ज्यांना हुकूम सोडायचा आहे ते, आणि ज्यांना काहीच मिळणार नाही ते.

पहिल्या प्रकारातले घरमालक. 'व्हेजिटेरियन फॅमिली प्रिफर्ड' अशी पाटी वाचून, "म्हणजे मासे खाणाराही चालेल, जरा कमी आवडेल इतकंच ना?" असं एकदा विचारून पाहा. लग्नाच्या जाहिरातीतलं 'प्रिफर्ड'ही त्याच जातीचं, आणि ती जात कोणती ते जाहिरातीत लिहिलेलंच असतं.

दुसऱ्या प्रकारात आपण. रेल्वेच्या तिकिटावर आपण लोअर बर्थ प्रिफर करतो आणि साइड अप्परवर गुडघे पोटाशी घेऊन झोपतो. कोर्टात हरलेला माणूस वकिली इंग्रजीत अपील 'प्रिफर' करतो. त्याला काय हौस असते? मूळ लॅटिनमध्ये शब्दाचा अर्थ 'पुढे नेणे', तेव्हा वकिलांचं चुकत नाही. पण पक्षकाराचं घर विकायला निघालेलं असतं.

कंपनी कायद्यातले अग्रहक्क भाग, म्हणजे प्रेफरन्स शेअर्स, आम्ही कॉलेजात घोकले होते. लाभांश आधी यांना, कंपनी बुडाली तर भांडवलही समहक्कवाल्यांच्या आधी यांना. ऐकायला झकास. पण मत? स्वतःच्या हक्कांवर थेट परिणाम करणारा ठराव, कंपनी गुंडाळणं अशा मोजक्या बाबी सोडल्या तर यांना मत नाही. 2013 च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षं किंवा अधिक काळ लाभांश थकला तरच सगळ्या ठरावांवर बोलता येतं. म्हणजे ज्याला प्रेफरन्स, त्यानेच गप्प बसायचं. घरातल्या जावयाचं स्थान मला या कलमामुळेच प्रथम नीट कळलं.

आता माझं थकलेलं सांगतो. वडील गेल्यावर आई चिपळूणला एकटी राहते. मी विनंती-बदलीचा फॉर्म भरला. त्यात पसंतीक्रमाने तीन ठिकाणं लिहायची होती. मी चिपळूण, खेड, गुहागर लिहिलं. तिन्हींपासून आई एस्टीच्या टप्प्यात. मिळालं नांदेड. सोबत पत्र : आपली पसंती नोंदवली आहे. मी साहेबांकडे गेलो तर ते प्रेमाने म्हणाले, "अहो, प्रेफरन्स म्हणजे गॅरंटी नव्हे." मग विचारता कशाला? नांदेडला जा म्हणा, मी निमूट गेलो असतो. आधी विचारायचं, मग नोंदवायचं आणि वर आपलीच पसंती आपल्या हातात ठेवायची, हा प्रकार मला कमी व्याजाच्या ठेवीपेक्षाही जिव्हारी लागतो.

आईला फोन केला. "तू इकडे येऊन राहतेस का?" ती म्हणाली, "चालेल की." हे 'चालेल' म्हणजे आपल्या मायमराठीतला प्रिफरचा धाकटा भाऊ. ज्याला कधी कोणी खरं विचारलं नाही, तो माणूस 'चालेल' म्हणतो. मी पुन्हा विचारलं, "आई, चालेल नको. तुला काय हवंय?" फोनवर बराच वेळ नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज. मग म्हणाली, "मला इथेच राहायचंय रे. तू ये."

दुसऱ्या दिवशी छापील फॉर्म बाजूला ठेवून साध्या कागदावर अर्ज केला. एकच गाव लिहिलं, आणि वाक्य घातलं, 'आय वाँट चिपळूण.' साहेबांनी लाल पेनाने 'वाँट'भोवती गोल केला. "भाषा जरा उद्धट वाटते हो. 'वुड प्रिफर' करा, लगेच वर पाठवतो."

मी केलं नाही. अर्ज अजून त्यांच्याच टेबलावर आहे, पेपरवेटखाली. रोज जाता-येता तो दिसतो का ते मी बघून घेतो.